चित्रकथांना विचारायचे प्रश्न : सीमाभागातील संशोधनाच्या संदर्भात

पदव्युत्तर वर्गातील लघुशोधप्रबंधांसाठी विषय सुचवण्याची वेळ आली की 'कॉमिक्स आणि समाज : एक अभ्यास' किंवा 'चित्रकथांचा बालमनावर होणारा परिणाम' अशा स्वरूपाचा विषय कोणीतरी मांडतोच. विषय आकर्षक असतो, विद्यार्थी उत्साही असतो, मार्गदर्शकही फारशी हरकत घेत नाहीत. सहा महिन्यांनी प्रबंध हाती येतो तेव्हा त्यात पहिले प्रकरण कॉमिक्सच्या जागतिक इतिहासाचे, दुसरे भारतीय चित्रकथांचे, तिसरे प्रश्नावलीचे आणि निष्कर्ष असा की चित्रकथांचे समाजावर चांगले व वाईट असे दोन्ही परिणाम होतात. हा निष्कर्ष संशोधन सुरू होण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होता. दोष विद्यार्थ्याच्या मेहनतीत नसतो, प्रश्नात असतो. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एकही चित्रकथा उघडून पाहावी लागत नाही, तो चित्रकथेविषयीचा प्रश्नच नव्हे.

'परिणाम' हा शब्द या क्षेत्रात आला कुठून, हे आधी पाहणे क्रमप्राप्त आहे. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक १९५४ साली प्रसिद्ध झाले. कॉमिक्स वाचून मुले गुन्हेगारीकडे वळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली लादून घेतली. वर्दम यांच्यासमोर आलेली बरीचशी मुले आधीच अडचणीत सापडलेली होती. तीच कॉमिक्स वाचून काहीही बिघाड न झालेल्या लक्षावधी मुलांशी त्यांची तुलना झाली नाही. पुढे वर्दम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली. ती तपासून कॅरोल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले की, मुलांचे म्हणणे नोंदवताना वर्दम यांनी काही ठिकाणी फेरफार केला होता, काही ठिकाणी वेगवेगळ्या मुलांची विधाने एकत्र केली होती. हेतू वाईट नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना चालवणारा हा माणूस होता. पण उत्तर आधी ठरवून विचारलेला प्रश्न भल्या माणसालाही कुठे नेतो, याचे हे उदाहरण संशोधनपद्धतीच्या तासाला सांगण्यासारखे आहे.

ही लाट भारतातही पोहोचली. १९५६ चा 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट' आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. चित्रांच्या साहाय्याने किंवा केवळ चित्रांतून सांगितलेल्या कथांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याच्या लेखी तरुण व्यक्ती म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती. म्हणजे आपल्या महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात बसलेला बहुतेक विद्यार्थी या कायद्याच्या संरक्षणाखाली येतो! या कायद्याचा मराठी वा उर्दू बालसाहित्याच्या प्रकाशकांवर काही दबाव पडला का, संपादकांनी स्वतःहून काय गाळले, हा प्रश्न 'परिणामा'पेक्षा कितीतरी अधिक तपासण्याजोगा आहे. इंद्रजाल कॉमिक्सचे उदाहरण घ्या. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेत 'फँटम' आला, मराठीत तो 'वेताळ' झाला. परंतु मूळ कथेतील 'बंगाला' हा देश इथे 'डेंकाली' करण्यात आला आणि 'सिंग' आडनावाचे वाटणारे चाचे 'सिंगा' झाले. दोन-तीन अक्षरांचा हा बदल. भारतीय वाचक कशाने दुखावेल याचा संपादकांनी बांधलेला अंदाज त्यात जसाच्या तसा सापडतो. त्याच मालिकेत १९७६ पासून आलेल्या 'बहादुर' या भारतीय नायकाचे जनक आबिद सुरती होते, ही गोष्टही आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच माहीत असते.

अमर चित्रकथेवर मात्र बरेच गंभीर काम झाले आहे. मूळचे कारकळचे अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ पासून रुजलेल्या या मालिकेवर फ्रान्सेस प्रिचेट आणि जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९९५ मध्ये लेख लिहिले. नंदिनी चंद्रा (२००८), कार्लाइन मॅक्लेन (२००९) आणि दीपा श्रीनिवास (२०१०) यांचे स्वतंत्र ग्रंथ आहेत. मॅक्लेन यांच्या ग्रंथात शिवाजी महाराजांवर एक व मुस्लिम व्यक्तिरेखांवर एक अशी दोन प्रकरणे आहेत. या चित्रकथांत मुसलमान एक तर अकबरासारखा उदारमतवादी नायक असतो, नाही तर औरंगजेबासारखा कट्टर खलनायक, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र आहे. सूत्र पटण्यासारखे आहे, आणि म्हणूनच त्यात एक धोका आहे. आपल्याकडच्या लेखांत ते सूत्र उचलून दोन अंकांना लावायचे आणि 'मुस्लिमांचे चित्रण एकांगी आहे' असा निष्कर्ष काढायचा, एवढेच घडण्याची शक्यता अधिक. तक्रार म्हणून तो बरोबर असेलही, परंतु तक्रार आणि संशोधन यांत फरक आहे. शिवाय या अभ्यासकांचा भर मुख्यतः इंग्रजी आवृत्त्यांवर आणि मुंबईतल्या निर्मितीप्रक्रियेवर राहिला. तीच चित्रे घेऊन मराठीत, कन्नडमध्ये उतरलेली भाषा त्यांच्या टप्प्यात फारशी आली नाही. नेमक्या याच ठिकाणी बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातील अध्यापकाकडे असे साधन आहे, जे मोठ्या विद्यापीठांतील अभ्यासकाकडे सहसा नसते. तो घरी एक भाषा बोलतो, कार्यालयात दुसरी, वर्गात तिसरी. त्याच्या विद्यार्थ्यांत मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही माध्यमांतून आलेली मुले एका बाकावर बसलेली असतात.

या साधनाचा उपयोग कसा होऊ शकतो, हे एका प्रश्नाच्या आधारे पाहता येईल. अमर चित्रकथेच्या संहिता मुख्यतः इंग्रजीत तयार होत आणि मग भाषांतरित होत. इंग्रजीत बादशहा असो वा भालदार, सर्वनाम एकच. मराठी भाषांतरकाराला मात्र प्रत्येक चौकटीत निवड करावी लागते : 'तो म्हणाला' की 'ते म्हणाले'? कन्नड भाषांतरकारापुढेही 'हेळिदनु' की 'हेळिदरु' हा पेच असतो. उर्दूत सर्वनाम तेच राहिले तरी क्रियापदाला निवड चुकत नाही : 'बादशाह आया' की 'बादशाह आए'. मूळ लेखकाने न घेतलेला हा निर्णय आहे. चित्रकारानेही घेतलेला नाही. तो पूर्णपणे भाषांतरकाराच्या, म्हणजे पर्यायाने त्या त्या भाषिक समाजाच्या समजुतीतून आलेला असतो. अकबराला, शेरशहाला, चाँदबिबीला, टिपू सुलतानाला मराठी आवृत्तीत कोणते वचन मिळते? त्याच अंकाच्या कन्नड आवृत्तीत कोणते? टिपूच्या बाबतीत या दोन भाषांत फरक पडतो का? हे मोजता येते. एका अंकाची पाने तीसच्या आसपास. दोन भाषांतील दहा-बारा अंक पुढ्यात घेऊन बसलेला विद्यार्थी महिन्याभरात कोष्टक तयार करू शकतो, आणि ते कोष्टक कोणाही दुसऱ्या अभ्यासकाला पुन्हा तपासता येते.

मात्र इथे घाई उपयोगाची नाही. मराठीत 'तो' हा नेहमीच अनादराचा नसतो. राम, कृष्ण, विठ्ठल यांना मराठी माणूस एकेरीच हाक मारतो. बाल शिवबाही एकेरीच असतो. जुन्या मराठी इतिहासग्रंथांत तर थोर राजांचाही उल्लेख सर्रास एकेरी येई आणि वाचकांना त्यात काही खटकत नसे. आज 'शिवाजी' एवढेच शीर्षक एखाद्या नव्या पुस्तकाला दिले तर प्रकाशकाला विचार करावा लागेल. म्हणून नुसती 'तो' आणि 'ते' यांची संख्या पुरेशी नाही. जिव्हाळ्याचा 'तो' कोणता आणि तुच्छतेचा कोणता, हे शेजारच्या विशेषणांवरून, क्रियापदावरून आणि मुख्य म्हणजे तो शब्द निवेदकाच्या पट्टीत आहे की एखाद्या पात्राच्या फुग्यात, यावरून ठरवावे लागेल. शत्रूच्या तोंडचा 'तो' आणि निवेदकाच्या तोंडचा 'तो' यांची बेरीज एका रकान्यात करणारा प्रबंध परत पाठवला पाहिजे. त्याबरोबरच जुनी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत एकेरीचे आदरार्थी झाले आहे का, हेही पाहावे. झाले असेल तर कोणाचे झाले आणि कोणाचे राहून गेले?

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि या भागात तो टाळता येणारा नाही. सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवात, मिरजेत एका स्वागतकमानीवरील अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल उसळली. तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरकडे गेले. निपाणीपासून ही गावे किती जवळ आहेत हे सांगायला नको. त्या घटनेची राजकीय कारणमीमांसा पुष्कळ झाली. निवडणूक तोंडावर होती, याची चर्चाही झाली. चित्रकथेच्या अभ्यासकाला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसायला हवी : कमानीवर होते ते एक चित्र, एक क्षण.

चित्रकथा एका चित्रावर उभी राहत नाही. स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) मध्ये दाखवल्याप्रमाणे दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत वाचक स्वतः अर्थ भरतो, आणि कथा तिथे घडते. प्रतापगडाच्या प्रसंगात मारण्याच्या क्षणाआधी आणि नंतर बरेच काही आहे. दोन्ही बाजूंचे वकील आहेत. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचा वकील पंताजी गोपीनाथ. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम आहे. आणि खानाची कबर त्याच गडाच्या पायथ्याशी आहे. ही नावे मराठी इतिहासात रुळलेली आहेत, कोणा एका पक्षाने शोधून काढलेली नाहीत. अमर चित्रकथेतील 'शिवाजी' या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची, चित्रे प्रताप मुळीक यांची. मराठी मुलांना 'फास्टर फेणे' देणारा लेखक आणि पुढे 'नागराज'लाही आकार देणारा चित्रकार! तेव्हा प्रश्न असा विचारता येईल : या अंकात आणि नंतर निघालेल्या मराठी चित्रकथांत प्रतापगडाच्या प्रसंगाला किती चौकटी मिळाल्या? त्यांपैकी किती मारण्याच्या क्षणाच्या? कृष्णाजी भास्कर दिसतो का, नावानिशी दिसतो का? सिद्दी इब्राहिमला चेहरा आहे की तो गर्दीत आहे? कबरीपर्यंत चित्रकथा पोहोचते की त्याआधीच पान उलटते? आणि मग, या मालिकेतली नेमकी कोणती चौकट सुटी होऊन दिनदर्शिकेवर, फ्लेक्सवर, कमानीवर गेली?

'मुसलमानांचे चित्रण कसे आहे' या प्रश्नापेक्षा 'सिद्दी इब्राहिम कुठे गेला' हा प्रश्न लहान आहे. पण मॅक्लेन यांच्या नायक-खलनायकाच्या जोडीत न बसणारा तिसरा मुसलमान, म्हणजे चाकरी करणारा, विश्वासातला, इथल्याच मातीतला, त्याच्याच आधारे शोधता येईल. तो चित्रकथांत सापडला तर सूत्र सुधारावे लागेल. सापडला नाही तर त्याची अनुपस्थिती पानांच्या क्रमांकांसह दाखवता येईल. दोन्ही बाजूंनी संशोधनाचा फायदाच आहे.

अर्थात मुस्लिम शिक्षणसंस्थांतून होणारे संशोधन केवळ आपल्यावरील अन्यायाचेच राहू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावरील दोन चित्रकथा इथे कसोटीला लावता येतात. अमर चित्रकथेचा 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंक १९७९ चा, चित्रे दिलीप कदम यांची. दुसरी 'भीमायन', नवयान प्रकाशनाने २०११ मध्ये काढलेली, चित्रे परधान गोंड शैलीतील दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची. व्याम दांपत्याने पात्रांना चौकटीत कोंडायचेच नाकारले. त्यांच्या पुस्तकात सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते आणि विखारी बोलणे विंचवाच्या नांगीसारख्या शेपटीच्या फुग्यात. 'भीमायन'ला आधार असलेल्या बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणात १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात घडलेला प्रसंग आहे. तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अडवणारे, शिवीगाळ करणारे लोक मुसलमान होते. विंचवाची नांगी तिथे कोणाच्या तोंडाला लागते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिले पाहिजे. १९७९ च्या अंकात या प्रसंगाला जागा मिळाली आहे की नाही, हेही त्यांनीच पाहावे. जो अभ्यासक सिद्दी इब्राहिमची चौकट शोधतो पण दौलताबादचे पान उलटून पुढे जातो, त्याच्या निष्कर्षांवर इतरांनी का विश्वास ठेवावा?

उर्दूच्या बाबतीत प्रश्नांचे स्वरूप थोडे बदलते. दिल्लीच्या शमा प्रकाशनसमूहाचे 'खिलौना' हे मुलांचे मासिक उर्दू घरांत दीर्घकाळ वाचले गेले आणि १९८० च्या दशकात बंद पडले. त्यानंतरच्या पिढीच्या हाती उर्दूतून चित्रकथा किती आली, हा पाहणीचा विषय आहे. पण त्याआधी एक साधी तांत्रिक बाब लक्षात घ्यावी. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचली जाते. मराठी वा इंग्रजीसाठी काढलेले पान उर्दूत आणायचे तर चौकटींचा क्रम उलटावा लागतो, किंवा सरळ आख्खे पान आरशात पाहिल्यासारखे उलटे छापावे लागते. पान उलटे छापले की उजव्या हाताची तलवार डाव्या हातात जाते आणि, सभासदाच्या बखरीप्रमाणे डाव्या हातात असलेले वाघनख उजव्यात. जपानी चित्रकथा इंग्रजीत आणताना हाच घोळ झाला होता, आणि पुढे प्रकाशकांनी वाचकालाच उलट्या दिशेने वाचायला शिकवले. त्यात नस्तालीक लिपीची भर. तिच्या ओळी तिरक्या उतरतात, म्हणून तिला फुग्यात अधिक उंची लागते. १९९० च्या दशकात संगणकीय अक्षरजुळणी येईपर्यंत प्रत्येक फुगा कातिबाने हाताने लिहायचा. उर्दूत चित्रकथा का फोफावल्या नाहीत याचे उत्तर देताना 'चित्रांविषयीची धार्मिक नाराजी' हे कारण चटकन पुढे केले जाते. ते तपासावेच, पण कातिबाची मजुरी आणि पानांची दिशा तपासल्यानंतर. अकबराच्या कारखान्यात सुमारे १,४०० मोठी चित्रे असलेला 'हमजानामा' तयार झाला. त्यात चित्राच्या मागच्या बाजूस मजकूर होता, म्हणजे एकाने चित्र समोर धरायचे आणि दुसऱ्याने मागून कथा वाचायची. आंबोली घाटाखाली उतरले की कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी ठाकर पोथीतील एकेक चित्र पुढे करत कथा गातात, ती रीत याहून फार वेगळी नाही. ज्या संस्कृतीत अमीर हमजाची दास्तान चित्रांसह सांगितली गेली, तिच्याबद्दल इतके सोपे विधान करण्यापूर्वी थांबलेले बरे.

वाचकांकडे जाण्याचा प्रश्न उरतो. प्रश्नावली हे साधन इथे दुबळे आहे, कारण चाळिशी-पन्नाशीतील माणूस लहानपणी काय वाचले ते आठवून सांगत नाही, आज जे आठवायला आवडते ते सांगतो. त्यापेक्षा जुना अंकच हातात द्यावा आणि वाचायला सांगावे. कुठे थांबतो, कोणती चौकट आधी ओळखतो, कोणता शब्द मोठ्याने वाचतो हे टिपावे. निपाणी परिसरात बिडी वळून मुले शिकवणाऱ्या अनेक माता आहेत. त्यांच्यातील ज्यांना अक्षरओळख कमी आहे त्यांनी चित्रांचा क्रम कसा लावला, हे मराठी एम. ए.च्या विद्यार्थ्याने ऐकून घेतले तर त्याला मॅक्लाउडच्या पुस्तकात नसलेले काही सापडण्याची शक्यता आहे. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने तर गावकऱ्यांनाच चार चौकटींची भित्तिचित्रकथा काढायला शिकवले. छायाप्रती काढायच्या आणि पारावर, बसथांब्यावर चिकटवायच्या. सीमाभागातल्या एखाद्या गावात तीन भाषांतल्या बायकांनी अशी एक चित्रकथा काढली, तर फुग्यात कोणती भाषा येईल, हा प्रश्न कागदावर सोडवता येणार नाही.

अंक मिळवण्याचे काम मात्र लवकर सुरू करायला हवे. ग्रंथालयांनी चित्रकथा जपल्या नाहीत. फाटल्या की त्या रद्दीत गेल्या, दाखल-नोंदवहीत तर अनेकदा आल्याच नाहीत. आवृत्ती, भाषा, छापील किंमत आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष यांची नोंद केलेली एक साधी यादी, बेळगाव जिल्ह्यातील वाचनालये, शाळांची कपाटे आणि जुन्या पुस्तकांची दुकाने यांतून जमवलेली, हाच एखाद्या विद्यार्थ्याचा पूर्ण लघुशोधप्रबंध होऊ शकतो. मार्गदर्शकाने त्याला 'यात विश्लेषण कुठे आहे?' असे विचारून परत पाठवू नये. 'तो' आणि 'ते' मोजायला पुढे जो बसेल, त्याला आधी अंक लागणार आहेत.